उपग्रहाच्या आकड्याखालची जमीन

अलास्का, युकॉन, सायबेरिया, स्वालबार्ड अशा उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या हवामानाची, हिमाची आणि नद्यांची मोजणी आता उपग्रहांवर आणि संगणकी प्रारूपांवर सोपवावी, जमिनीवरची केंद्रे ही गेल्या शतकाची गरज होती, असे मत बरीच वर्षे जोर धरून आहे. हे अडाण्यांचे मत नाही. अंदाजपत्रकाला कात्री लावणारे अधिकारी ते मांडतात, प्रारूपांवर काम करणारे काही अभ्यासकही मांडतात. विज्ञानाविषयी आस्था असलेला सुशिक्षित वाचक ते सहज मान्य करतो, कारण उत्तर गोलार्धाचा रंगीत नकाशा त्याने पडद्यावर पाहिलेला असतो आणि त्या नकाशात कुठेही रिकामी जागा नसते. मला हे मत चुकीचे वाटते. ते नुकसानकारकही आहे, कारण त्याच्या आधारे बंद केलेले केंद्र पुन्हा उघडता येईल, पण मधली गेलेली वर्षे कोणालाच परत मोजता येणार नाहीत.

खंडनाला हात घालण्यापूर्वी पूर्वपक्ष पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. युकॉन नदीचेच उदाहरण घेऊ. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात उगम पावून ती युकॉन प्रदेशातून जाते आणि मग सबंध अलास्का ओलांडून बेरिंग समुद्राला मिळते. लांबी 3,000 किलोमीटरांहून अधिक, पाणलोट साडेआठ लाख चौरस किलोमीटरांच्या घरात, म्हणजे जवळजवळ पावणेतीन महाराष्ट्र. एवढ्या मुलखात हवामान केंद्रे विरळ आहेत आणि जी आहेत ती बहुतेक वस्तीच्या किंवा धावपट्टीच्या आश्रयाने, खोऱ्यांत. हिम मात्र साठते डोंगरांवर. तिथे माणूस पाठवायचा तर हेलिकॉप्टर लागते, कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास उभे राहावे लागते, आणि एवढे करून हाती येतो तो एका ठिपक्याचा आकडा. तोही निर्दोष नसतो. उलट हिमाच्छादनाचे उपग्रही नकाशे 1966 पासून आहेत. सूक्ष्मलहरी टिपणारे उपग्रह 1978 पासून ढगांतून आणि ध्रुवीय रात्रीच्या अंधारातूनही पाहत आहेत. 2002 मध्ये ग्रेस उपग्रहांची जोडी गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म बदलांवरून जमिनीतल्या आणि जमिनीवरच्या पाण्याचे वजन सांगू लागली, आणि डिसेंबर 2022 मध्ये नद्यांच्या पातळ्या मोजणारा स्वॉट अवकाशात गेला. उरलेल्या जागा उपलब्ध मोजण्या एकत्र गुंफून हवामानाचे पुनर्विश्लेषण करणारी प्रारूपे भरून काढतात. मग दऱ्याखोऱ्यांत काठ्या रोवून बसायचे कशासाठी?

यातली विधाने खरी आहेत. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र त्यांच्यातून निघत नाही. तो का निघत नाही हे कळायला उपग्रह नेमके काय मोजतो हे पाहावे लागते.

हिमातल्या पाण्याचा आकडा देणारा उपग्रह ते पाणी मोजत नसतो. जमीन स्वतःच मंद सूक्ष्मलहरी बाहेर टाकत असते. वर साठलेल्या हिमाचे कण त्या लहरी विखुरतात, आणि 37 गिगाहर्ट्‌झच्या लहरी 19 गिगाहर्ट्‌झच्या लहरींपेक्षा जास्त विखुरल्या जातात. उपग्रहावरचे उपकरण टिपते तो या दोन लहरींतला फरक. फरक मोठा असेल तर हिम जास्त असणार, असा त्यावरून काढलेला अंदाज. पण हिमाचे कण बारीक की भरड, मध्ये गोठलेल्या पावसाचा थर आहे की नाही, वर स्प्रूसचे रान आहे की उघडे माळ, खाली तळे आहे की जमीन, यांतल्या प्रत्येक गोष्टीने तोच फरक कमीजास्त होतो. हिमातले पाणी साधारण 150 मिलिमीटरच्या पुढे गेले की संकेत वाढायचाच थांबतो, आणि डोंगरावरच्या हिमात याच्या कितीतरी पट पाणी असू शकते. हिम वितळायला लागून ओले झाले की मग संकेत जवळजवळ पुसलाच जातो. म्हणजे पुराचा अंदाज बांधायला ज्या आठवड्यांत आकडा हवा, नेमक्या त्याच आठवड्यांत हे साधन निकामी होते.

न्यायशास्त्राच्या भाषेत हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असे म्हणता येते ते स्वयंपाकघरात चुलीपाशी धूर आणि अग्नी एकत्र असलेले आपण वारंवार पाहिलेले असतात म्हणून. ती व्याप्ती, म्हणजे दोहोंचे कायमचे साहचर्य, प्रत्यक्षातून पक्की झालेली नसेल तर धुरावरून काहीच सिद्ध होत नाही. लहरींतला फरक हा इथे धूर आहे, हिमातले पाणी हा अग्नी आहे, आणि दोघांचा संबंध पक्का होतो तो हिमात खड्डा खणून कण आणि थर तपासणाऱ्या माणसाच्या वहीत. शिवाय ही व्याप्ती एकदा ठरवून मोकळे होता येत नाही. ऐन हिवाळ्यात पाऊस पडून हिमात बर्फाचे थर तयार होतात, टुंड्रावर झुडपे वाढत आहेत. धूर आणि अग्नी यांचे नातेच बदलत असेल तर पडताळणी कायम चालू राहिली पाहिजे. जमिनीवरची मोजणी हा उपग्रहापूर्वीचा टप्पा होता असे म्हणणारे हे नाते विसरतात.

हा नुसता तर्क नाही. फिनलंडच्या हवामान संस्थेतले योउनी पुल्लियाइनेन आणि त्यांचे सहकारी यांनी 2020 साली ‘नेचर’मध्ये उत्तर गोलार्धातल्या हिमसाठ्याचा 1980 ते 2018 या काळाचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांच्या ‘ग्लोबस्नो’ पद्धतीत उपग्रहाच्या संकेतांबरोबर हवामान केंद्रांवर मोजलेली हिमाची खोली आधीपासूनच मिसळलेली होती. नुसत्या उपग्रहावर ती पद्धत कधीच उभी नव्हती. या वेळी त्यांनी आणखी एक पायरी घातली. ठरलेल्या हिमवाटांवर माणसांनी हाताने केलेल्या मोजण्यांशी ताडून त्यांनी अंदाजातली पद्धतशीर चूक काढून टाकली. मार्चमधल्या हिमसाठ्याची अनिश्चितता त्यामुळे 33 टक्क्यांवरून 7.4 टक्क्यांवर आली. उत्तर अमेरिकेत हिम दर दशकाला 46 अब्ज टनांनी घटत आहे आणि युरेशियात मात्र तशी ठळक घट नाही, हे या दुरुस्तीनंतर ठामपणे सांगता आले. डोंगराळ भाग या हिशेबातून वगळावा लागला तो वेगळाच. ज्या डोंगरांसाठी उपग्रह हवा म्हणून पूर्वपक्ष सांगतो, तिथेच तो सर्वांत दुबळा आहे.

यापेक्षाही बोलके उदाहरण ऑक्टोबरच्या हिमाचे आहे. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे हिमाच्छादनाचे नकाशे हा उपग्रही नोंदींतला सर्वांत लांब सलग ठेवा. त्या नकाशांत युरेशियातले ऑक्टोबर महिन्यातले हिमाच्छादन वाढताना दिसत होते. पृथ्वी तापत असताना शरदात हिम वाढते आहे, तेव्हा यामागे काही खोल वातावरणीय कारण असले पाहिजे, असे धरून त्यावर सिद्धांत रचले गेले. 2013 मध्ये रॉस ब्राउन आणि ख्रिस डर्कसन यांनी ही वाढ इतर स्वतंत्र माहितीशी लावून पाहिली. जमिनीवरचे तापमान त्याच काळात वाढत होते, आणि हिमाच्या इतर नोंदी वाढीला दुजोरा देत नव्हत्या. नकाशे करण्याची पद्धत जसजशी सुधारत गेली तसतसे शरदातले विरळ हिम नकाशांत अधिकाधिक नोंदले जाऊ लागले होते, असे त्यांचे निदान. म्हणजे नकाशावर वाढत होते ते मुख्यतः आपले पाहण्याचे सामर्थ्य. हे ओळखायला नकाशाबाहेरचा साक्षीदार लागला.

आता त्या हिमवाटेवर काय होते ते जवळून पाहू. हिमवाट म्हणजे वर्षानुवर्षे त्याच जागी, ठरावीक अंतरावर, ठरावीक तारखांच्या आसपास हिम मोजण्याची नेमून दिलेली रांग. युकॉन प्रदेशाचे शासन 1 मार्च, 1 एप्रिल आणि 1 मे या तारखांची हिमाची स्थिती अशा मोजण्यांवरून प्रसिद्ध करते. मोजणारा हातात एक पोकळ धातूची नळी घेऊन जातो. नळीच्या तोंडाला दाते असतात. ती हिमात सरळ उभी घुसवत जमिनीपर्यंत न्यायची, किंचित फिरवायची आणि तळाशी माती किंवा गवत आले की वर काढायची. तळाची माती ही नळी जमिनीपर्यंत पोचल्याची खूण. ती खरवडून टाकून हिमासकट नळी काट्याला टांगायची. नळीच्या तोंडाचा व्यास 1.485 इंच ठेवलेला आहे, त्यामागे एक सुरेख हिशेब आहे. एवढ्या व्यासाच्या नळीत एक इंच पाणी भरले तर त्याचे वजन जवळजवळ एक औंस भरते. त्यामुळे काट्यावर जितके औंस, तितके इंच पाणी. बोटे बधिर झालेली असताना गुणाकार करावा लागत नाही.

या पद्धतीचा पाया जेम्स चर्च यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नेवाडातल्या माउंट रोझ शिखरावर घातला. ते विद्यापीठात लॅटिन शिकवत. हिमाची खोली मोजून पाण्याचा अंदाज येत नाही, वजनच करावे लागते, हे त्यांनी ओळखले. ताजे भुसभुशीत हिम आणि वाऱ्याने ठासलेले जुने हिम यांची उंची सारखी असली तरी त्यांत पाणी दुपटी-तिपटीच्या फरकाने असू शकते.

ही नळीही खोटे बोलते, असे कोणी म्हणेल तर ते खरे आहे. दात्यांपाशी थोडे जास्तीचे हिम आत ढकलले जाते आणि वजन साधारण दहाव्या हिश्शाने जास्त भरते. पण ही चूक माहीत आहे, तिची दिशा माहीत आहे, आणि ती मोजली गेली ती हिमात खणलेल्या खड्ड्याशी तुलना करून.

इथे आपण प्रतिपक्षाच्या सर्वांत धारदार मुद्द्यावर आलो. जमिनीवरचा आकडाच चुकीचा असेल, तर त्याच्या आधारावर उपग्रहाला तपासायचे कसे? हा आक्षेप वरवरचा नाही, म्हणून त्याला पुरेशी जागा देतो.

हिमपात मोजणे हे हवामानशास्त्रातल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे. पावसाचा थेंब जड, तो पर्जन्यमापकाच्या तोंडात पडतो. हिमाचा कण हलका. वारा मापकावर आदळून वर उसळतो आणि कणाला तोंडावरून पलीकडे घेऊन जातो. सेकंदाला पाच-सहा मीटर वारा असेल तर आडोसा नसलेल्या मापकात निम्म्याहून कमी हिम सापडते. अलास्काच्या आर्क्टिक उतारावर वारा सतत असतो. कार्ल बेन्सन यांनी 1982 मध्ये दाखवले की तिथला खरा हिवाळी हिमपात अधिकृत नोंदीपेक्षा कितीतरी अधिक आहे. नोंदी पाहून तो प्रदेश जवळजवळ वाळवंट वाटे.

पण ही चूक उघडकीला कशी आली? उपग्रहाने नाही. रशियातल्या वाल्दाई इथे आणि मग इतर अनेक देशांत मापकांच्या तुलनेचे खास चौक उभारले गेले. लाकडी पट्ट्यांची दोन अष्टकोनी कुंपणे, बाहेरचे 12 मीटर व्यासाचे, आतले 4 मीटरांचे, आणि मधोमध मापक. कुंपणे वाऱ्याचा जोर मोडतात आणि हिम मापकात पडू देतात. जागतिक हवामान संघटनेने हे दुहेरी कुंपण तुलनेचे प्रमाण मानले. त्याच्या शेजारी निरनिराळ्या देशांचे मापक ठेवून कुठल्या वाऱ्यात, कुठल्या तापमानाला कोणता मापक किती कमी दाखवतो हे हिवाळ्यांमागून हिवाळे नोंदले गेले. त्यातून दुरुस्तीची सूत्रे निघाली. अपुऱ्या जमिनीवरच्या मोजणीला सुधारणारे साधन म्हणजे अधिक काळजीपूर्वक केलेली जमिनीवरची मोजणी. सदोष मोजणी हे मोजणी सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. दोष ओळखता येणे हीच तिची ताकद आहे.

याची सर्वांत सूक्ष्म कसोटी स्वालबार्डमध्ये लागली. तिथल्या नोंदींत गेल्या शतकात पर्जन्य वाढलेला दिसतो. नॉर्वेच्या हवामान संस्थेतले आयरिक फोरलान आणि इंगर हान्सन-बाउअर यांनी 2000 साली विचारले, ही वाढ खरी की खोटी? त्यांचा मुद्दा असा. तापमान वाढले की पूर्वी हिम म्हणून पडणाऱ्या पाण्याचा काही भाग पाऊस म्हणून पडतो. पाऊस मापकात नीट सापडतो, हिम उडून जाते. म्हणून आकाशातून पडणारे एकूण पाणी तेवढेच राहिले तरी नोंदीतला आकडा वाढतो. त्या वाढीचा काही हिस्सा मापकाच्या स्वभावातूनच आलेला आहे, आणि किती, ते वारा, तापमान आणि मापकाचा प्रकार यांची सलग नोंद असेल तरच सांगता येते. आपल्याकडे याचा थेट संबंध पोचतो. गोव्यात वास्को इथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र 2008 पासून स्वालबार्डच्या न्यू-ओलेसुन्द इथे ‘हिमाद्री’ हे ठाणे चालवते, आणि 2016 पासून स्पितीत ‘हिमांश’. वास्कोच्या दमट हवेत बसलेल्या अभ्यासकापुढे जेव्हा या दोन्ही ठिकाणांचा आकडा येतो, तेव्हा तो आकडा कुठल्या मापकाने, कुठल्या वाऱ्यात घेतला याची नोंद त्याच्याइतकीच मोलाची असते.

नदीच्या बाबतीत पूर्वपक्षाची बाजू आणखी लंगडी पडते. नदीचा प्रवाह सहसा रोज प्रत्यक्ष मोजत नाहीत, पातळी मोजली जाते. पातळी आणि प्रवाह यांचा संबंध सांगणारी एक वक्ररेषा प्रत्यक्ष मोजण्यांवरून आखलेली असते, आणि पातळीवरून तिच्या आधारे प्रवाह काढतात. नदी गोठली की ही वक्ररेषा चालत नाही. बर्फाचे छत आणि नदीचा तळ या दोन्हींच्या घर्षणाने पाणी अडते, तेवढ्याच प्रवाहाला पातळी उंच जाते. पातळीवर विसंबून राहिलात तर नदीत नसलेले पाणी हिशेबात येते. उपाय एकच आहे. जलमापकांचे पथक गोठलेल्या नदीवर जाते, पात्राच्या आडव्या रेषेत ओळीने भोके पाडते आणि प्रत्येक भोकातून प्रवाहमापी खाली सोडते. बर्फाची जाडी मोजतात, बर्फाखाली साचलेला बर्फकणांचा लगदा किती खोल आहे ते पाहतात, कारण त्या लगद्यातून पाणी जवळजवळ वाहत नाही. खोल पाण्यात वेग खोलीच्या वीस आणि ऐंशी टक्क्यांवर घेतात. उथळ असेल तर साठ टक्क्यांवर घेऊन त्याला 0.92 ने गुणतात, कारण छताखाली वाहणाऱ्या पाण्यात वेगाची वाटणी उघड्या नदीसारखी नसते. अशा एखाद-दोन मोजण्यांवर आणि तापमानाच्या नोंदीवर सबंध हिवाळ्याचा प्रवाह बेतला जातो.

इतक्या कष्टाच्या हिवाळी आकड्यांचा उपयोग काय, पाणी तर उन्हाळ्यातच वाहते, असे वाटू शकते. 2007 मध्ये मिशेल वॉलवूर्ड आणि रॉबर्ट स्ट्रीगल यांनी युकॉन खोऱ्यातल्या तीस वर्षांहून अधिक काळच्या प्रवाहनोंदी तपासल्या. वर्षाच्या एकूण प्रवाहात सगळीकडे दिसेल असा बदल नव्हता. भूजलातून नदीत येणारा वाटा मात्र वाढत होता, आणि तो दिसला हिवाळ्याच्या आकड्यांत, जेव्हा वर पाऊस नाही, वितळ नाही, आणि नदीत येते ते फक्त जमिनीतले पाणी. कायम गोठलेली जमीन विरघळू लागली की भूजलाला वाट मिळते, हा त्याचा अर्थ. वार्षिक बेरजेत हे लपून राहिले असते. जमिनीखाली चाललेला एवढा मोठा पालट बर्फाला पाडलेल्या भोकांतून कळला. स्वॉटला तो कळला नसता. स्वॉट 100 मीटरांहून रुंद नद्यांची पातळी उत्तम मोजतो, पण गोठलेल्या नदीवर त्याला दिसतो तो बर्फाचा आणि हिमाचा पृष्ठभाग. तळ त्याला कधीच दिसत नाही, आणि पातळीवरून प्रवाह काढायचा तर पात्राची खोली आधी माहीत हवी.

ब्रूस पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये युरेशियातल्या सहा मोठ्या नद्यांचा, येनिसेई, लेना, ओब, कोलिमा, पेचोरा आणि उत्तर द्विना यांचा, आर्क्टिक महासागरात जाणारा प्रवाह 1936 ते 1999 या काळात सुमारे 7 टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. ते शक्य झाले ते सोव्हिएत काळात, युद्धाच्या वर्षांतही, चालू राहिलेल्या जलमापन केंद्रांमुळे. 1936 साली आकाशात एकही उपग्रह नव्हता. आणि ज्या वर्षी हा शोधनिबंध आला त्याच वर्षी अलेक्झांडर शिक्लोमानोव आणि सहकाऱ्यांनी इशारा दिला की नव्वदच्या दशकात रशिया आणि कॅनडा दोन्हीकडे उत्तरेकडची जलमापन केंद्रे मोठ्या संख्येने बंद पडत आहेत. 2022 नंतर युक्रेन युद्धामुळे रशिया आणि पाश्चात्त्य देश यांच्यातली वैज्ञानिक देवाणघेवाण तुटली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की रशियातली केंद्रे वगळली तर आर्क्टिकचे चित्र एका बाजूला कलते. उपग्रह सीमा मानत नाहीत हे खरे, पण सीमेपलीकडच्या आकड्याची पडताळणी सीमेपलीकडेच करावी लागते.

पुनर्विश्लेषणाने पोकळी भरते, या म्हणण्यात अन्योन्याश्रयाचा दोष आहे. एरा-5 हे युरोपीय पुनर्विश्लेषण साधारण 31 किलोमीटरांच्या चौकटींत साऱ्या पृथ्वीचे आकडे देते, आणि ते उत्कृष्ट काम आहे. पण हिमाची खोली ते जमिनीवरच्या केंद्रांकडूनच घेते. जिथे केंद्र नाही तिथे प्रारूप स्वतःच्या समजुतीने आकडा घालते. मग त्या जागी प्रारूप बरोबर आहे हे कशावरून? प्रारूपावरून. केंद्र बंद केल्यावर नकाशात भोक पडत नाही, रंग तसाच राहतो, फक्त त्या रंगामागचा पुरावा नाहीसा होतो. सामान्य वाचकाची फसगत होते ती इथे, आणि अंदाजपत्रक आखणाऱ्याचे फावते तेही इथेच.

उपग्रहाचे श्रेय नाकारण्याचा माझा हेतू नाही. 2016 मध्ये युकॉनमधल्या कास्कावुल्श हिमनदीचे तोंड मागे हटल्याने वितळलेले पाणी नव्या वाटेने दुसऱ्या खोऱ्यात वळले आणि स्लिम्स नदी काही दिवसांत जवळजवळ आटली. त्या घटनेची उकल करताना उपग्रही चित्रे, ड्रोनची छायाचित्रे आणि पाण्याच्या पातळीची जमिनीवरची नोंद तिन्ही कामी आली. हिमनदी कुठपर्यंत मागे गेली हे आकाशातून दिसले, नदी केव्हा आणि किती झपाट्याने ओसरली हे पातळीमापकाने सांगितले. माझा आग्रह एवढाच की दुसऱ्याला पहिल्याने बाद ठरवू नये.

पुराच्या प्रसंगी हा वाद पंडितांपुरता राहत नाही. 2009 च्या मे महिन्यात युकॉनकाठचे ईगल गाव बर्फाच्या धरणाने चढलेल्या पाण्यात आणि घरांएवढ्या बर्फाच्या लाद्यांत सापडले, शेजारची जुनी आदिवासी वस्ती उद्ध्वस्त झाली. 2013 च्या मेमध्ये गलीना गावावर तीच पाळी आली. अशा पुराचा धोका तीन गोष्टी ठरवतात. हिमात पाणी किती, नदीवरचा बर्फ किती जाड, आणि ऊब हळूहळू येते की एकदम. पहिली दोन उत्तरे मुख्यत्वे नळीतून आणि भोकांतूनच मिळतात. पुढचे काम डोळ्यांनी. अलास्कात बर्फ फुटायच्या दिवसांत हवामान खात्याचे आणि आपत्ती विभागाचे लोक छोट्या विमानातून नदीवर घिरट्या घालतात, गावात उतरतात, काठावरच्या वडीलधाऱ्यांना विचारतात. काठावर आयुष्य गेलेल्या माणसाला बर्फाचा रंग आणि आवाज ओळखता येतो. त्याची साक्ष मोजमापाच्या बाहेरची म्हणून टाकून देणे अवैज्ञानिक होईल.

लोकांनी जपलेल्या नोंदींची किंमत तनाना नदीवरच्या नेनाना गावाने दाखवून दिली आहे. 1917 मध्ये तिथे रेल्वे बांधणाऱ्या अभियंत्यांनी बर्फ केव्हा फुटेल यावर पैज लावली. बर्फावर लाकडी तिकाटणे रोवतात, त्याची दोरी काठावरच्या घड्याळाला बांधतात, तिकाटणे सरकले की घड्याळ थांबते. पैज आजही चालू आहे, आणि तिच्यात पैसा गुंतलेला असल्याने वेळ मिनिटापर्यंत नोंदली जाते. सर्वांत उशिराची तारीख 20 मे, 1964 आणि 2013 मध्ये. सर्वांत लवकरची 14 एप्रिल 2019. 2001 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका लेखात या नोंदीवरून बर्फ सुटण्याचा दिवस 1917 पासून सुमारे साडेपाच दिवसांनी अलीकडे आल्याचे दाखवले. वर युकॉनवर डॉसन गावात अशीच नोंद 1896 पासून आहे. स्वीडन-फिनलंड सीमेवरच्या तोर्ने नदीची तर 1693 पासून. यांचे मोल त्यांच्या अचूकतेपेक्षा त्यांच्या सातत्यात आहे. तीच नदी, तीच जागा, फुटण्याची तीच व्याख्या.

सातत्याच्या कसोटीला उपग्रहही उतरावे लागतात, आणि ते आपोआप उतरत नाहीत. सूक्ष्मलहरी टिपणारे उपकरण 1987 मध्ये बदलले. ग्रेस 2017 मध्ये संपला आणि त्याचा वारस 2018 च्या मेमध्ये सुटला. मधल्या जवळजवळ वर्षभराची पोकळी राहिली. स्वयंचलित केंद्रांचेही तसेच. हिमाखाली गोठणरोधक द्रव भरलेली उशी ठेवून वरच्या हिमाचा दाब मोजतात, हे साधन चांगले आहे. पण हिमात कडक थर तयार झाला की तो कमानीसारखा भार आजूबाजूला वाटतो आणि उशीवर खरे वजन येत नाही. शेजारी नळी घेऊन जाणारा माणूस असेल तर हे कळते, नसेल तर आकडा निमूटपणे नोंदला जातो.

म्हणून जे करायला हवे ते स्पष्ट आहे. कुठलाही हाताने मोजणारा माणूस हटवून यंत्र बसवायचे तर दोघांनी काही हिवाळे शेजारीशेजारी मोजावे, आणि तो काळ प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरलेला असावा. मापक बदलला, जागा हलली, कुंपण दुरुस्त केले, याची नोंद आकड्याबरोबर प्रसिद्ध व्हावी. बर्फाखालचा प्रवाह अंदाजाने भरलेला असेल तर तशी खूण प्रत्येक आकड्यापुढे राहावी आणि प्रारूपवाल्यांनी ती पुसू नये. सर्वांत जुन्या हिमवाटा आणि जलमापन केंद्रे काटकसरीच्या यादीत सर्वांत शेवटी यावीत.

पैसा कोण देणार, हा प्रश्न उरतोच, आणि त्याला उत्तर आहे. उपग्रह सोडताना पडताळणीच्या मोहिमेसाठी तरतूद केली जाते, पण ती दोन-चार हंगामांपुरती असते. उपग्रह जितकी वर्षे आकडे देणार तितकी वर्षे जमिनीवरच्या ठरावीक केंद्रांचा चालू खर्च त्याच मोहिमेच्या अंदाजपत्रकात बांधून द्यावा. ज्या केंद्रांशी ताडून स्वॉटचा आकडा विश्वासार्ह ठरतो, ती चालवणाऱ्या जलमापन खात्यांना त्या आकड्याच्या खर्चातला वाटा हक्काने मिळाला पाहिजे.